पुण्यातला उकार

स्क्रीनवर ती ओळ आली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. प्रोसेस झालेल्या नोंदी २,१८६, तयार झालेल्या २,१८६, फेल शून्य. चार महिने मी या ओळीची वाट बघत होते, म्हणजे रोज रात्री जेवणं आवरली की लॅपटॉप उघडायचा, ड्रुपल या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ७ व्या आवृत्तीचा जुना डेटाबेस एका बाजूला, ड्रुपल १० ची कोरी साइट दुसऱ्या बाजूला, मायग्रेशन, म्हणजे जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं काम, सुरू करायचं, कुठेतरी अडकायचं, सगळं मागे घ्यायचं, दुरुस्त करायचं, परत चालवायचं. त्या रात्री काहीच अडकलं नाही. मी जवळजवळ नवऱ्याला उठवणार होते सांगायला. मग सवयीप्रमाणे मधलीच एक नोंद उघडून बघितली, आणि तिथे मराठी नव्हतंच.

तिथे रोमन लिपीतला छोटा ए होता, डोक्यावर तिरकी रेघ असलेला. त्याच्यापुढे एक गोल चिन्ह, चारी कोपऱ्यांना काड्या फुटलेलं. मग आणखी काहीतरी, मग परत तो ए, मग जपानी येनचं चिन्ह. पानभर हेच, मधेमधे प्रश्नचिन्हं. पुढची नोंद उघडली, तीही तशीच. अशा ४१२ नोंदी निघाल्या. आणि मशीनच्या हिशोबात त्या सगळ्या यशस्वी होत्या, कारण मशीनला रांग इकडून तिकडे गेली की काम झालं, आत काय लिहिलंय ते वाचायचं काम त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

ही साइट कसली ते सांगते. नारायण पेठेत आमच्या शेजारी एक काका राहायचे, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी २००९ मध्ये एक साइट सुरू केली, जुन्या पुण्याच्या आठवणींची. कोणीही लिहावं, नाव टाकावं, पेठ टाकावी. सुरुवातीला वाडे, हौद, शाळा असं चालायचं. मग २०११ आलं, पानशेतच्या पुराला ५० वर्षं झाली, आणि लोक पुराबद्दल लिहायला लागले. १२ जुलै १९६१ ला आधी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं, हे पुण्यात कोणाला नव्याने सांगायला नको. पण त्या दिवशी कोण कुठल्या गच्चीवर चढलं, कोणाच्या घरातलं तुळशीवृंदावन कुठे सापडलं, पाणी ओसरल्यावर चिखलात पहिल्यांदा काय हाताला लागलं, हे कुठल्याही सरकारी कागदात नाही. ते या साइटवर होतं. लिहिणारी माणसं तेव्हाच साठी-सत्तरीची होती.

२००९ मध्ये साइट जूमला १.५ वर होती, तेही ड्रुपलसारखंच साइट चालवणारं सॉफ्टवेअर. जूमला हे नाव स्वाहिलीतल्या जुमला या शब्दावरून घेतलंय, सगळे मिळून असा काहीसा अर्थ, आणि काकांना तो अर्थ फार आवडला होता. पण २०१२ मध्ये १.५ चा सपोर्ट संपला आणि तिथून २.५ वर जायला सरळ अपग्रेडचा रस्ता नव्हता, ते मायग्रेशनच होतं, वेगळं टूल घेऊन करायचं. नाहीतरी घर हलवायचंच आहे तर दुसरीकडेच जाऊ असा विचार झाला आणि २०१३ मध्ये साइट ड्रुपल ७ वर आली. ते काम एका होस्टिंगवाल्याने केलं. मी पुढच्या वर्षी आले, काकांनी बोलावलं म्हणून, अगं तू हेच काम करतेस ना, जरा बघत जा. तेव्हापासून मी बघते आहे. पैसे घेतले नाहीत आणि घ्यावेसे वाटले नाहीत.

साइटवर एका कोपऱ्यात एक ओळ असायची, ‘२००९ ते २०१२ मधल्या नोंदी दुरुस्तीसाठी तात्पुरत्या काढल्या आहेत.’ मी ती ओळ दहा वर्षं बघत होते. एकदाही विचारलं नाही की दुरुस्ती कुठवर आली. कोणीतरी करत असेल असं धरून चालले. करणारं कोणीच नव्हतं, नोंदी नुसत्या अप्रकाशित करून ठेवल्या होत्या, आणि काका २०१८ मध्ये गेले.

आता अपग्रेडबद्दल बोलते, कारण ते मनात साठून राहिलंय. लोकांना वाटतं अपग्रेड म्हणजे फोनवर येतं तसं, बटण दाबायचं आणि चहा करून येईपर्यंत झालेलं असतं. ड्रुपल ७ वरून पुढे जाणं तसं नाहीच. ७ आलं ५ जानेवारी २०११ ला, ८ आलं नोव्हेंबर २०१५ मध्ये, आणि ८ हे आतून पूर्ण नवं होतं, सिम्फनी नावाच्या तयार कोडच्या पायावर उभं केलेलं. जुनी थीम, म्हणजे साइटचं रूप, चालणार नाही, ट्विग या साच्यांच्या भाषेत परत लिहा. जुनी मॉड्यूलं, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, चालणार नाहीत. नवी साइट कोरी उभी करा आणि जुन्यातून डेटा ओढून घ्या. आणि ओढून घेताना व्ह्यूज येत नाहीत. व्ह्यूज म्हणजे साइटवरच्या सगळ्या याद्या हो, पेठेनुसार यादी, वर्षानुसार यादी, नुकत्याच आलेल्या आठवणी, हे सगळं आम्ही माउसने एकेक खटका लावून बांधलेलं, ते हाताने परत बांधायचं. माझे १९ व्ह्यूज होते. एकेका व्ह्यूला एक संध्याकाळ धरा. फोटोच्या खाली कोणी काढला, कोणाकडून मिळाला ही माहिती फील्ड कलेक्शन नावाच्या मॉड्यूलमध्ये होती, नव्यात त्यासाठी पॅराग्राफ्स हे दुसरं मॉड्यूल वापरायचं, म्हणजे जुन्यातलं काय नव्यात कुठे जाईल तेही मीच लिहिलं.

ड्रुपलवाल्यांचं एक वाक्य आहे, थेंब सतत हलत असतो. ड्रुपल हे नावच थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून आलंय. ड्रीस बायटार्टने हे सुरू केलं तेव्हा त्याला साइटला डोर्प म्हणजे खेडं असं नाव द्यायचं होतं, टाइप करताना ते ड्रॉप झालं, आणि पुढे तेच राहिलं. त्या वाक्यामागचं त्यांचं जुनं धोरण असं की डेटा पुढे नेऊ, कोडची हमी नाही. मला हे धोरण समजतं. खरंच समजतं, जुनं ओझं वाहत बसलं तर सॉफ्टवेअर कुजतं. पण ‘डेटा पुढे नेऊ’ या तीन शब्दांत किती रात्री जातात, आणि त्या कोणाच्या जातात, हे त्या वाक्यात कुठे येत नाही. मोठ्या कंपनीची साइट असेल तर टीम असते, बजेट असतं. आमच्यासारख्यांकडे एक बाई असते, रात्री साडेनऊनंतर.

मग अपग्रेड करूच नये का, आहे तिथेच राहावं? तेही शक्य नाही, आणि ते मी २०१४ मध्येच शिकले. १५ ऑक्टोबर २०१४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस, सुट्टी होती, बोटाला शाई लावून आम्ही सगळे आईकडे जेवायला गेलो होतो. त्या रात्री आपल्याकडे साधारण साडेनऊला ड्रुपलने एक सिक्युरिटी नोटीस काढली, ७ मध्ये एसक्यूएल इंजेक्शनची फट आहे, म्हणजे बाहेरच्या कोणालाही डेटाबेसमध्ये शिरता येईल, ताबडतोब पॅच म्हणजे दुरुस्ती लावा. मी ती दुसऱ्या दिवशी दुपारी वाचली. दोन आठवड्यांनी त्यांनीच सांगितलं की घोषणेनंतर ७ तासांच्या आत ज्यांनी पॅच केलं नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. सात तास म्हणजे पहाटेचे साडेचार! त्या वर्षी दिवाळीच्या आधीचा पूर्ण आठवडा मी जुना बॅकअप परत चढवण्यात आणि प्रत्येक फाइल तपासण्यात घालवला. लोक नंतर त्याला ड्रुपलगेडन म्हणायला लागले. तेव्हापासून सपोर्ट संपला हे शब्द वाचले की मला पोटात खड्डा पडतो, कारण सपोर्ट संपला म्हणजे पुढच्या वेळी नोटीसही येणार नाही, पॅचही येणार नाही.

७ चा शेवट आधी नोव्हेंबर २०२१ ठरला होता. मग २०२२ केला. मग २०२३. मग शेवटचं म्हणून ५ जानेवारी २०२५, बरोबर १४ वर्षं. दर वेळी मी हुश्श केलं, आणि दर वेळी मला वाईटही वाटलं, कारण ज्यांनी वेळेत ऐकून ८ वर उडी मारली त्यांना ८ नोव्हेंबर २०२१ मध्ये संपलं म्हणून ९ वर जावं लागलं आणि ९ नोव्हेंबर २०२३ मध्ये संपलं म्हणून १० वर. म्हणजे ८ आणि ९ दोन्ही संपल्यावरही ७ जिवंत होतं. खरं सांगायचं तर ८ पासून पुढचे अपग्रेड पुष्कळ सोपे केलेत त्यांनी, ते श्रेय द्यायलाच हवं. दरी होती ती ७ आणि ८ च्या मधे, आणि आम्ही बरोबर तिच्या अलीकडच्या काठावर होतो.

ओळखीतले म्हणाले, वर्डप्रेसवर टाक की सगळं, कशाला डोकेफोड. मी वर्डप्रेसवर कामं करते, मला ते आवडतं, आणि मी खरंच एक दिवस बसून प्रयोग केला. पहिल्याच नोंदीला अडले. नोंदीचं नाव होतं ‘पानशेतच्या पुरात वाहून गेलेला वाडा’. वर्डप्रेसमध्ये नोंदीच्या वेबपत्त्यातल्या नावाला जागा २०० अक्षरांची, इंग्रजीला ती भरपूर. पण देवनागरीचं एकेक अक्षर, म्हणजे काना-मात्रासुद्धा वेगळी धरून, पत्त्यात जाताना तीन बाइटचं, म्हणजे साठवणुकीच्या तीन तुकड्यांचं, होतं आणि प्रत्येक बाइटला टक्केचिन्ह धरून तीन खुणा लागतात. एकूण नऊ. म्हणजे मराठीला जेमतेम २२ अक्षरं. त्या नोंदीचा पत्ता झाला ‘पानशेतच्या-पुरात-वाहून-ग’. तिथे तुटला. हे काही कोणी मुद्दाम केलेलं नाही, कोडने जागा वाढवताही येते, पण आमच्या जुन्या पत्त्यांच्या लिंक लोकांनी कुठे कुठे दिलेल्या आहेत, एकाने तर वडिलांच्या पुण्यतिथीच्या पत्रिकेत छापली होती. तो पत्ता मला ‘वाहून-ग’ वर तोडायचा नव्हता.

बॅकड्रॉपचाही विचार केला होता. ड्रुपल ७ ची वेगळी निघालेली शाखा, जानेवारी २०१५ पासून, छोट्या संस्थांसाठीच बनवलेली, आणि ७ वरून तिथे जाणं बरंच सोपं. कदाचित तोच रस्ता बरोबर होता. मी घेतला नाही कारण माझ्यानंतर हे कोण बघणार हा प्रश्न होता, आणि ड्रुपल येणारी पोरं पुण्यात आजही मिळतात.

तर ड्रुपल १०. ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी त्याला ८.१ किंवा त्यापुढची लागते, आमची जुनी मॉड्यूलं पीएचपी ८ वर उभीच राहत नाहीत, म्हणजे आमच्या होस्टिंगवर दोन्ही साइट शेजारी शेजारी ठेवता येत नव्हत्या. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर कम्पोजर, म्हणजे ड्रुपलचे सुटे भाग गोळा करणारा प्रोग्रॅम, चालवला की मेमरी संपून मधेच मरतो, स्क्रीनवर नुसतं ‘किल्ड’ येतं, कारण नाही, काही नाही. म्हणून सगळं घरच्या लॅपटॉपवर करायचं आणि वर चढवायचं. हे सगळं मी तक्रार म्हणून सांगतेय आणि तक्रार म्हणूनच वाचा. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार करू नये असं मला नेहमी सांगतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत आयआयटीत ड्रुपलकॉन एशिया हे ड्रुपलवाल्यांचं संमेलन झालं तेव्हाही चहाच्या वेळी हा विषय निघाला होता, आणि तिथली मुलं किती जीव तोडून, स्वतःच्या वेळात, पैसे न घेता कोड लिहितात ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण आम्हीही काही कमी दिलेलं नाही. वर्षानुवर्षं चुका कळवल्या, मराठी भाषांतरं केली, दहा जणांना शिकवलं. घरातल्या माणसावर रागावतो तसा हा राग आहे. परक्यावर कोण एवढं चिडतं?

आता त्या ४१२ नोंदी. पहिल्या रात्री वाटलं गेलं सगळं. दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं तर प्रकार ओळखीचा होता. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी साठवता येतात त्या पद्धतीत, लिहिलेली मराठी कोणीतरी विंडोज-१२५२ म्हणजे इंग्रजी-युरोपीय अक्षरांची आहे असं समजून वाचली आणि जे दिसलं ते परत यूटीएफ-८ म्हणून साठवलं. तो रेघवाला ए म्हणजे आपल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट. गोल चिन्ह किंवा येन म्हणजे दुसरा. सगळी व्यंजनं, काना, पहिली वेलांटी गोल चिन्हाच्या घरात, आणि दुसऱ्या वेलांटीपासून पुढचे उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण, म्हणजे हलन्त, येनच्या घरात. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी वहीत लिहून काढलं. उलटं फिरवलं की मराठी परत मिळते. फिरवलं. आणि मिळाली, पण भोकं पडलेली.

विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच खणं रिकामी आहेत. त्या पाच बाइटांना तिथे अक्षरच नाही. काही प्रोग्रॅम ते बाइट गुपचूप जपतात, पण २०१३ मध्ये वाटेत जे टूल वापरलं गेलं त्याने तिथे प्रश्नचिन्हं टाकली. आणि त्या पाच खणांत आपलं काय राहतं बघा. येनच्या घरातला पहिला उकार आणि हलन्त. गोल चिन्हाच्या घरातले ए, ऐ, झ, चंद्रबिंदू आणि ऍ. बस. बाकी सगळी वर्णमाला सुखरूप.

म्हणून ‘पानशेत’ जसंच्या तसं होतं. ‘खडकवासला’ होतं. ‘पूर’ होता, त्याचा उकार दुसरा. ‘लकडी पूल’, ‘नारायण पेठ’, ‘वाहून गेला’, सगळं नीट. आणि ‘पुणे’ नव्हतं. प, मग प्रश्नचिन्ह, मग णे. ४१२ नोंदींमध्ये जिथे जिथे कोणी पुणे लिहिलं होतं तिथे तिथे त्याचा उकार गेलेला. ‘माझं’ नव्हतं. ‘कुत्र्याला’ या एका शब्दात तीन प्रश्नचिन्हं होती, क?त?र?याला. मी रात्री ते बघत बसले आणि मला रडू आलं. होस्टिंगवाल्याचा राग नाही आला, तो माणूस आता कुठे आहे तेही माहीत नाही. वाईट याचं वाटलं की हे २०१३ मध्येच कोणी वाचलं असतं तर मूळ बॅकअप हाताशी होता आणि लिहिणारी माणसंही होती.

टाकून पुढे जाता आलं असतं. अकरा वर्षं ज्या नोंदी कोणाला दिसल्या नाहीत त्या आणखी दिसल्या नसत्या. जानेवारीची तारीख डोक्यावर होती. पण मायग्रेशनमध्ये एक क्षण असा येतो की प्रत्येक गोष्टीबद्दल ठरवावं लागतं, नेतेय की ठेवतेय. ही ठेवते असं मला म्हणता येईना.

मग स्क्रिप्ट लिहिली. येनच्या पुढे प्रश्नचिन्ह असेल तर उकार किंवा हलन्त, दोन्ही घालून बघायचं, आणि २०१३ नंतरच्या चांगल्या नोंदींमधले सगळे शब्द काढून त्यात कुठला बसतो ते घ्यायचं. गोल चिन्हाच्या पुढे प्रश्नचिन्ह असेल आणि लगेच काना किंवा वेलांटी असेल तर तो झ च, कारण ए-ऐ ला काना लागत नाही. असं करत करत पन्नास हजारांच्या घरातली भोकं बुजली आणि उरली नऊशेच्या आसपास. त्यात ‘ऱ्य’ चा वेगळाच घोळ, हा अर्धा र लोक दोन प्रकारांनी टाइप करतात, दिसायला एकच, आत वेगळे, त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं आणि त्याचाही शेवटचा बाइट त्या रिकाम्या खणातला. नव्या साइटच्या शोधात ‘दुसऱ्या’ शोधलं तर निम्मे सापडायचे नाहीत, ते एकसारखे केले तेव्हा ते काम संपलं.

उरलेल्या नऊशेसाठी मी काकूंकडे गेले. काकू आता ७७ वर्षांच्या आहेत, १९६१ मध्ये १४ च्या होत्या, आणि पुरानंतर त्यांच्या माहेरचं घर गेलं ते गेलंच, ते लोक पुढे गोखलेनगरला राहायला गेले. मी प्रिंट काढून नेल्या होत्या, मोठ्या अक्षरात, जिथे शंका तिथे चौकट. काकू म्हणाल्या, मी डोळ्यांनी नाही वाचणार, तू मोठ्याने वाच, मी ऐकते. असे आम्ही आठ रविवार बसलो.

आणि काय झालं सांगू, मशीनने ज्या जागा पक्क्या म्हणून सोडून दिल्या होत्या त्यातही चुका सापडायला लागल्या. एका नोंदीत स्क्रिप्टने केलं होतं, ‘शेजारच्या मावशींनी आम्हा सहा जणां प्रतीच पिठलं टाकलं’. काकूंनी मला थांबवलं.

‘जणां प्रतीच? असं कोण बोलतं गं?’

‘शब्द बरोबर आहे काकू, यादीत आहे.’

‘असेल यादीत. पिठलं पुरतं. सहा जणांपुरतीच भाकरी, सहा जणांपुरतंच पिठलं. ही बाई पीठ कमी होतं म्हणून सांगतेय.’

मी मूळ फाइल बघितली, लिहिणारीने मधे स्पेस सोडली होती आणि ‘पुरतीच’ लिहिलं होतं, बोलण्याच्या ओघात. प्रती आणि पुरती, मधे एक उकार. तेव्हापासून मी पक्क्या जागाही वाचून दाखवायला लागले, म्हणजे चारशे बाराच्या चारशे बारा नोंदी. आठ रविवारांचे चौदा झाले.

सगळ्यात जास्त अडलो ते ‘?क’ ला. एक की ऐक. स्क्रिप्टने सगळीकडे एक केलं होतं, साहजिक आहे, तोच जास्त वेळा येतो. एका नोंदीत होतं, ‘आजी सकाळपासून म्हणत होती एक पाणी येतंय’. मी वाचून पुढे गेले. काकू गप्प. मग म्हणाल्या, मागे जा. परत वाचलं. त्या म्हणाल्या, ‘ऐक. ऐक, पाणी येतंय.’ त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी विसरणार नाही, दबका, मान जराशी खिडकीकडे वळवून. मग त्या उठून आत गेल्या आणि आम्ही त्या दिवशी तिथेच थांबलो.

साइट २ जानेवारीला नव्या सर्व्हरवर गेली, मुदतीच्या तीन दिवस आधी, तेव्हा फक्त २०१३ नंतरच्या नोंदींसह. जुन्या पत्त्यांवरून नव्यावर नेणाऱ्या सगळ्या लिंक तपासल्या, तो पत्रिकेतला पत्ताही चालतो. ड्रुपल १० चा सपोर्ट २०२६ पर्यंत आहे, त्याच्या आत ११ वर जायचं, पण ते जागच्या जागी होतं. कोपऱ्यातली ती ‘तात्पुरत्या काढल्या आहेत’ वाली ओळ मात्र मी मुद्दाम तशीच ठेवली होती. संक्रांतीनंतर रोज वीस-वीस नोंदी तपासून प्रकाशित करत गेले, काकू त्यांच्या फोनवर उघडून बघायच्या आणि एखादी वेलांटी चुकलेली असेल तर लगेच फोन करायच्या, मग ती चूक मूळ लिहिणाऱ्याची आहे, आपण बदलायची नाही, हे मी त्यांना समजवायचे आणि त्यांना ते पटायचं नाही.

४११ झाल्या. एक राहिली आहे. शनिवार पेठेतल्या एका माणसाची, छोटीशीच, दहा-बारा ओळींची. त्यांचा मोठा भाऊ त्या सकाळी लोकांना गच्चीवर चढवत होता, आणि ह्यांना वर ढकलताना तो म्हणाला, ‘?क हाक मार मी येतो’. स्वल्पविराम नाही, काही नाही. मी म्हणते ऐक. गडबडीत लहान भावाला माणूस आधी ऐक म्हणेल, मग हाक मार म्हणेल. काकू म्हणतात एक. एक हाक मार, मी येतो. दोन्ही बसतात. नोंद लिहिणारे गेले, त्यांच्या मुलाचा ईमेल परत आला.

मी म्हटलं प्रश्नचिन्ह तसंच ठेवून प्रकाशित करूया. काकूंना ते चालणार नाही. त्या म्हणाल्या, त्यांची एक बहीण होती, सहकारनगरला दिली होती, माझ्या मैत्रिणीच्या वर्गात होती, आणि कपाटातून जुनी टेलिफोनची डायरी काढून चष्मा शोधायला लागल्या.